मुलगा पुढे काय होणार? पालकांच्या मनातलं मोजायचं कसं?

पेटच्या मुलाखती जवळ आल्या की मला येणाऱ्या मेसेजमध्ये एक विषय हमखास असतो : ‘पालकांच्या करिअरविषयक अपेक्षा : एक अभ्यास’. बऱ्याचदा पुढे ‘मुंबई उपनगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात’ असं शेपूटही असतं. सोबत प्रश्न असा की, ‘ताई, हा विषय चालेल का?’

विषय चालेल. चांगलाच चालेल. पण सिनॉप्सिसमध्ये ‘अपेक्षा’ हा शब्द तुम्ही ज्या सहजपणे लिहिता ना, तिथेच गाडी अडते. समोरचा प्राध्यापक पहिला प्रश्न विचारणार, ‘अपेक्षा म्हणजे नेमकं काय, आणि ती तुम्ही मोजणार कशी?’ त्यावर ‘प्रश्नावलीद्वारे’ एवढंच उत्तर असेल तर मुलाखत तिथेच संपली असं समजा.

आज याच प्रश्नावर लिहितेय. मी मूळची एमएस्सीवाली, त्यामुळे मोजमापाचा विषय निघाला की जरा लांबते, सांभाळून घ्या.

साधी गोष्ट घ्या. दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या कुठल्याही शाळेबाहेर उभं राहा आणि पहिलीतल्या मुलाला न्यायला आलेल्या आईला विचारा, ‘तुमचा मुलगा मोठेपणी काय होणार?’ ती हसून म्हणेल, ‘डॉक्टर झाला तर बरंच आहे की!’ आता तोच प्रश्न जरा फिरवून विचारा. ‘नाही, खरं खरं सांगा, आजच्या परिस्थितीत काय होईल असं तुम्हाला वाटतं?’ मग आवाज बदलतो. ‘बघू. शिकेल तेवढं शिकवू. नाहीतर ह्यांच्या कंपनीत साहेबांना सांगून लावता येईल कुठेतरी.’

दोन्ही उत्तरं खरी आहेत. पहिलं इच्छेचं आणि दुसरं अंदाजाचं. संशोधनात या दोन गोष्टी वेगळ्या धरतात, आणि तुमच्या प्रश्नावलीत त्यांची सरमिसळ झाली तर नंतर कितीही भारी सॉफ्टवेअर वापरा, उत्तर हाती लागत नाही. मी मराठीत पहिलीला ‘आकांक्षा’ आणि दुसरीला ‘अपेक्षा’ म्हणते. तुम्ही दुसरे शब्द वापरा, पण दोन वापरा.

यावरचं जुनं काम अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं आहे. १९५७ साली तिथल्या शाळांमध्ये शेवटच्या वर्षाला असलेल्या दहा हजारांहून अधिक मुलामुलींची माहिती घेतली गेली आणि पुढे कित्येक दशकं त्याच माणसांचा पाठपुरावा झाला. विल्यम सूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये त्यावरून एक मॉडेल मांडलं. थोडक्यात सांगायचं तर घरची परिस्थिती मुलाच्या भविष्यावर परिणाम करते, पण तो बराचसा परिणाम आईवडिलांचं प्रोत्साहन, शिक्षकांचं मत आणि मित्रांचे बेत यांच्यामार्फत पोहोचतो. त्यातून मुलाची आकांक्षा घडते, आकांक्षेतून शिक्षण आणि शिक्षणातून नोकरी. वाचायला छान वाटतं. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत कळत-नकळत हेच मॉडेल असतं.

पुढे ॲलन केर्कहॉफ यांनी १९७६ मध्ये एक खडा टाकला. त्यांचं म्हणणं साधारण असं, की आकांक्षेमुळे माणूस कुठे पोहोचतो असं आपण म्हणतोय खरं, पण कदाचित उलट असेल. कुठे पोहोचता येईल आणि कुठलं दार बंद आहे हे माणसाला आधीच कळलेलं असतं, आणि तो तेवढीच आकांक्षा धरतो. म्हणजे आकांक्षा हे कारण नव्हेच, तो परिस्थितीचा नीट वाचलेला अंदाज आहे.

आता आली का पंचाईत? प्रश्नावलीतून हा वाद सुटत नाही. पालक म्हणाले ‘इंजिनिअर’, तर ते स्वप्न आहे, अंदाज आहे की समोर बसलेल्या शिकलेल्या मुलीला बरं वाटावं म्हणून दिलेलं उत्तर आहे? बोलायला पैसे पडत नाहीत. म्हणून काही संशोधक बोलणं सोडून कृतीकडे वळले. पालकांनी असं काय केलं, जे करायला त्यांना किंमत मोजावी लागली आणि ज्यातून मुलाचं भविष्य त्यांच्या डोळ्यासमोर कसं होतं ते कळेल?

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे, दादरचं. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांचा पेपर, ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये २००६ साली आलेला. शीर्षकाची सुरुवात ‘ट्रॅडिशनल इन्स्टिट्यूशन्स मीट द मॉडर्न वर्ल्ड’ अशी आहे, शोधलात की सापडेल. दादरच्या शाळांमध्ये १९८२ पासून वीस वर्षांत पहिलीत दाखल झालेल्या मुलामुलींमधून त्यांनी निवड केली आणि मग त्यांच्या घरी जाऊन माहिती घेतली. सुमारे ४,९०० मराठी कुटुंबं. मुख्य प्रश्न एकच : मुलाला मराठी माध्यमात घातलं की इंग्रजी?

सहा वर्षांच्या पोराचं माध्यम निवडणं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. त्या दिवशी आईबाप त्याच्या विशीतल्या आयुष्याबद्दल काहीतरी ठरवून येतात. बोलून दाखवत नाहीत, कदाचित स्वतःशीही नाही, पण शाळेच्या रजिस्टरमध्ये ते नोंदलं जातं. त्या काळच्या मुंबईत मराठी माध्यमातून कारखान्याचा रस्ता जास्त सरळ होता आणि इंग्रजी माध्यमातून ऑफिसचा. (इथे एक सांगून टाकते. यावरून ‘मराठी माध्यम वाईट’ असा अर्थ काढू नका. हा पेपर नोकरीच्या बाजाराबद्दल आहे, भाषेच्या लायकीबद्दल नाही. मी हे मराठीत लिहितेय, एवढं पुरे.)

पुढचं समजायला गिरणगावात थोडं मागे जावं लागेल. गिरणीत माणूस भरतीची जाहिरात वाचून जायचा नाही. तो जायचा जॉबरच्या ओळखीने. जॉबर हा खात्यातला मुकादम, कोणाला कामावर घ्यायचं यात त्याचा मोठा हात. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरचा माणूस मुंबईत आला की आपल्या गावकीच्या खोलीत उतरायचा, खानावळीत जेवायचा, आणि गावच्या किंवा जातीच्या कोणीतरी शब्द टाकला की आधी ‘बदली’ म्हणून आत शिरायचा. पुढे गिरणीच्या जोडीला इतर कारखाने आले. उपनगरात कांदिवलीपासून मुलुंडच्या एलबीएस रोडपर्यंत धूर दिसायला लागला, पण रीत तीच राहिली. आपल्या भाषेत तिच्यासाठी क्रियापदंच आहेत. पोराला ‘चिकटवला’, मिलमध्ये ‘लावला’. नोकरी लागते ती आपोआप, पण ‘लावायला’ कोणीतरी माणूस लागतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत हे नेटवर्क. आणि हे नेटवर्क काही वाईट नव्हतं, हे पेपर वाचताना नीट लक्षात ठेवा. ज्यांच्याकडे जमीन नाही, शिक्षण नाही, त्यांना याच ओळखीने कायमची नोकरी, फंड आणि डोक्यावर छप्पर मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या.

मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. या नमुन्यातली पहिली तुकडी त्याच वर्षीची आहे हे मला कळलं, तेव्हा मी थांबून हिशोब मांडला. १९८२ च्या जूनमध्ये पहिलीत बसलेला मुलगा कुठेही न अडकता गेला, तर दहावीची परीक्षा देतो मार्च १९९२ मध्ये. म्हणजे प्रवेश संपाच्या सहाव्या महिन्यात, आणि बोर्डाची परीक्षा जुलै १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर आठ-नऊ महिन्यांनी. ज्या बापाने त्याचं नाव घातलं, त्याच्या हातात १९८२ चा नकाशा होता. पोरगं उतरणार होतं वेगळ्याच शहरात.

तर या वीस वर्षांत काय झालं? नव्वदच्या दशकात ऑफिसच्या नोकऱ्यांचं मोल वाढलं. तेवढीच वर्षं शिकलेल्या दोन माणसांत, इंग्रजीतून शिकलेल्याला जास्त मिळणारी कमाई पुरुषांच्या आणि स्त्रियांच्याही बाबतीत वाढली. कोणालाही वाटेल की सगळेच पालक इंग्रजीकडे वळले असतील. वळलेच, इंग्रजीचं प्रमाण सगळीकडे वाढलं. पण वळण्याचा वेग सारखा नव्हता. ज्या जातींचे पुरुष मोठ्या संख्येने कामगार वर्गातल्या नोकऱ्यांत होते, त्या जातींमध्ये मुलगे मराठी माध्यमाकडेच जास्त जात राहिले. घरचं उत्पन्न आणि आईबापाचं शिक्षण हिशोबात धरूनही. आणि त्याच जातींमधल्या मुली? त्या झपाट्याने इंग्रजी शाळांत गेल्या. वरच्या आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींमधली इंग्रजी शिक्षणाची दरी मुलींमध्ये कमी होत गेली, मुलग्यांमध्ये तशीच टिकली.

सायन्सवाल्यांनो, पेपरची खरी ताकद इथे आहे. समजा फक्त मुलग्यांची माहिती असती. तर दहा स्पष्टीकरणं देता आली असती : या घरांत पैसा कमी, इंग्रजी शाळेची फी परवडत नाही, मातृभाषेबद्दल ओढा जास्त, शिक्षणाची जाण कमी. पण ही सगळी कारणं मुलींनाही लागू व्हायला हवीत ना? तेच घर, तीच मिळकत, तीच भाषा. उलट पैशाची चणचण असेल तर आपल्याकडे आधी कोणाच्या शिक्षणाला कात्री लागते, हे सांगायला नको. तरीही मुलगी इंग्रजीत आणि मुलगा मराठीत. म्हणजे कारण असं असलं पाहिजे जे मुलग्याला लागू आहे आणि मुलीला नाही. ते काय? तर ओळखीने ‘लावून देणारं’ नेटवर्क. ते पुरुषांचं होतं. मुलगी इथे जवळजवळ कंट्रोल ग्रुपसारखी उभी राहते. प्रयोगशाळेत न जाता केलेली ही तुलना मला आजही भारी वाटते.

आमच्या नात्यातच असं एक घर आहे. थोरला भाऊ मराठी माध्यमात, चार वर्षांनी धाकटी बहीण कॉन्व्हेंटमध्ये. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की तोवर काकांची परिस्थिती सुधारली होती म्हणून. असेलही तसं. एका घरावरून काही सिद्ध होत नाही, पण पेपर वाचल्यावर मी त्या घराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले, एवढं खरं.

बापाच्या बाजूने बघा. त्याला थोरल्या मुलाचं भविष्य अगदी स्पष्ट दिसत होतं : कोणत्या खात्यात, कोणाच्या हाताखाली, किती वर्षांनी कायम. चित्र इतकं स्पष्ट होतं की दुसरं काही दिसायची गरजच पडली नाही. मुलीसाठी असं तयार चित्र नव्हतं. तिला कुठे चिकटवायची सोय नव्हती. मग तिच्यासाठी बाजारात जे नवीन दिसलं ते घेतलं. (हे माझं वाचन आहे. पेपरमध्ये ‘कल्पना’ हा शब्द नाही, तिथे मॉडेल आहे आणि रिग्रेशनचे तक्ते आहेत. दुसऱ्याच्या निष्कर्षात आपला अर्थ मिसळताना तो आपला आहे हे सांगायची सवय आत्तापासून लावून घ्या.)

पण मुलगेच का अडकले? लेखकांचं उत्तर असं. नेटवर्क टिकतं ते त्यात माणसं असल्यामुळे. एकाचा मुलगा ऑफिसात गेला, तर तो उद्या दुसऱ्याच्या मुलाला कारखान्यात लावायला उपयोगाचा नाही. असे बरेच जण निघून गेले की उरलेल्यांची ओळख कमी होते. म्हणून समाजाचा दबाव, आणि आपली म्हणून असलेली ओळख, दोन्ही मुलग्यांना धरून ठेवतात. एकेका बापाचा निर्णय बघितला तर त्यात वेडेपणा काही नाही, कारण हातातली खात्रीची नोकरी सोडून कोण जाईल? पण सगळ्यांचे शहाणे निर्णय मिळून आख्खा गट मागे राहू शकतो. बाजार बदलला आणि व्यवस्था मात्र जुन्या फायद्यावर चालत राहिली, की अर्थशास्त्रात त्याला गतिशील अकार्यक्षमता म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. कालपर्यंत ज्याने तारलं, तेच आज पाय धरून ठेवतं.

आता शंका. पेपर आवडला म्हणून तो गिळायचा नाही, चावायचा.

पहिली शंका मुलींबद्दलच. मुलगी इंग्रजीत गेली ती तिच्या नोकरीसाठी, की लग्नाच्या बाजारासाठी? स्थळ चांगलं यावं म्हणूनही बाप इंग्रजी शाळेत घालू शकतो. मुलींसाठी ‘कृती’ बघितली तरी तिच्यामागचा हेतू एकच आहे असं छातीठोक सांगता येत नाही. पेपरमध्ये लग्नाचीही माहिती आहे, आणि इंग्रजीतून शिकलेल्यांमध्ये जातीबाहेर लग्न होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. म्हणजे परिणाम लग्नापर्यंत पोहोचला हे खरं. हेतूचा प्रश्न मात्र माझ्या मते उघडाच आहे, आणि त्यावर मुलाखती घेऊन काम करायला भरपूर जागा आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ‘मुली नेटवर्कच्या बाहेर होत्या’ हे वाक्य आपण निसर्गनियमासारखं वाचतो. तसं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत बायका चांगल्या संख्येने होत्या, विशेषतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात. मग रात्रपाळीवर बंदी आली, १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा आला आणि त्याचा खर्च मालकावर पडला, कामाची फेररचना झाली, आणि बायकांच्या जागा कमी होत होत शतकाच्या उत्तरार्धात नगण्य झाल्या. संरक्षण म्हणून आलेल्या कायद्यांचाही त्यात हात होता, हे वाचताना मला त्रास झाला. गिरणगावातल्या बायका मग घरात खानावळी चालवत राहिल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे १९९० मधली ती ‘मोकळी’ मुलगी मोकळी होती, कारण तिच्या आजीला आधी बाहेर काढलं होतं. आकडेवारीत ती कंट्रोल ग्रुप होते. तिच्या घरात ती तशी नव्हती.

तिसरी शंका पटकन सांगते. दादर म्हणजे मुंबई नव्हे, आणि मराठी कुटुंबं म्हणजे सगळे मुंबईकर नव्हेत. अंधेरीत सीप्झ १९७३ पासून आहे, तिथल्या कामगारांमध्ये बायका मोठ्या संख्येने आहेत. तिथे हाच अभ्यास केला असता तर? मला माहीत असलेलं तरी असं काम नाही. तुमच्यापैकी कोणी करा.

आता केर्कहॉफच्या खड्याकडे परत येऊ. पालकांची आकांक्षा कारण की परिणाम? दादरचा पेपर बराचसा केर्कहॉफच्या बाजूने जातो : जो रस्ता आहे, त्याचंच चित्र डोळ्यासमोर येतं. याला सिद्धांताची जोड हवी असेल तर अर्जुन अप्पादुराई वाचा. हे मूळचे मुंबईचेच मानववंशशास्त्रज्ञ. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये काम करणाऱ्या स्पार्क, महिला मिलन आणि नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन या संघटनांबरोबरच्या अनुभवातून त्यांनी २००४ मध्ये ‘आकांक्षा धरण्याची क्षमता’ ही कल्पना मांडली. गरिबाला स्वप्न नसतात असं ते अजिबात म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं, आकांक्षा ही वाट काढण्याची क्षमता आहे, नकाशा वाचण्यासारखी. सुखवस्तू माणसाच्या नकाशावर मधले थांबे भरपूर असतात, कारण त्या वाटांवरून त्याची माणसं सतत ये-जा करत असतात. गरिबाच्या नकाशावर सुरुवात असते, शेवट असतो आणि मधलं बरंचसं कोरं.

‘डॉक्टर झाला तर बरंच आहे’ म्हणणाऱ्या आईला विचारा, की डॉक्टर व्हायला नीट द्यावी लागते, त्याआधी अकरावीला कोणते विषय घ्यायचे, फॉर्म कधी निघतो? तिच्या उत्तरावरून नकाशा कळतो. माझ्या मते ‘काय होणार’ या एका प्रश्नापेक्षा ‘त्यासाठी पुढची पायरी कोणती’ आणि ‘हे काम करणारं तुमच्या ओळखीत कोण आहे’ हे दोन प्रश्न जास्त माहिती देतात. ‘प्रथम’चा असर २०२३ अहवाल बघा. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना काय काम करायचं आहे ते विचारलं, तेव्हा साधारण पाचात एकाला काही सांगताच आलं नाही, आणि ज्यांनी सांगितलं त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना ते काम करणारं आदर्श असं कोणी माहीत नव्हतं. आकडे ग्रामीण आहेत, भांडुप-विक्रोळीला तसेच चिकटवू नका. पण प्रश्न विचारण्याची पद्धत उचलण्यासारखी आहे.

मग नकाशावर नवा थांबा आला तर पालकांच्या मनातलं चित्र बदलतं का? हे तपासायला पश्चिम बंगालमध्ये एक विलक्षण संधी मिळाली. तिथे ग्रामपंचायतीचं प्रधानपद कोणत्या गावात स्त्रियांसाठी राखीव राहणार, हे यादृच्छिक पद्धतीने ठरत होतं. म्हणजे चक्क प्रयोग. लोरी बीमन, एस्थर दुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोव्हा यांनी ४९५ गावांमधली ११ ते १५ वयाची मुलंमुली आणि त्यांचे आईवडील यांचा अभ्यास केला, पेपर २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. पालकांना विचारलं की मुलाने किती शिकावं, मुलीने किती, लग्न कधी, काम कोणतं. मुलीच्या कामाबद्दल येणाऱ्या उत्तरांत एक उत्तर असं होतं : सासरचे ठरवतील ते. ज्या गावांत दोन निवडणुकांमध्ये स्त्री प्रधान होती, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दलच्या आकांक्षांमधली दरी पालकांमध्ये २० टक्क्यांनी कमी झालेली दिसली आणि मुलांमध्ये ३२ टक्क्यांनी. शिक्षणातली दरी तर जवळजवळ मिटली. गावात मुलींसाठी नोकऱ्या वाढल्या होत्या असं काही दिसलं नाही. रोज एक बाई खुर्चीवर बसलेली दिसत होती, एवढाच मुख्य फरक.

म्हणजे केर्कहॉफ अर्धे बरोबर. परिस्थिती चित्र घडवते, पण परिस्थिती तशीच असताना नुसतं चित्र बदललं तरी घरातलं वागणं बदलू शकतं. पालकांपेक्षा मुलं लवकर बदलली, तेही बघून ठेवा. तुमच्या अभ्यासात फक्त पालकांना प्रश्न विचारणार असाल, तर कथेचा जास्त हलणारा भाग बाहेर राहतो.

आता आपल्या उपनगरात काय करता येईल? माध्यमाचा प्रश्न आता १९८२ सारखा राहिलेला नाही. बोरिवलीत काय, घाटकोपरच्या असल्फ्याच्या डोंगरावर काय, परवडत नसतानाही इंग्रजी शाळेकडे ओढ आहे, त्यामुळे माध्यमावरून पालकांच्या मनातलं ओळखणं अवघड झालंय. आज तीच खूण दुसरीकडे शोधावी लागेल : बोर्ड कोणतं, आठवीपासून क्लास लावला का, कर्ज कशासाठी काढलं, मुलगा पहाटे पोलीस भरतीसाठी मैदानावर पळतोय आणि बहीण त्याच वेळी काय करतेय. जुन्या नेटवर्कच्या जागी नवी आली आहेत. सिक्युरिटी एजन्सी, हाउसकीपिंगची कंत्राटं, डिलिव्हरीची कामं. एलबीएस रोडवर कारखान्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले, आणि आतल्या बऱ्याच कामांना अजूनही कोणीतरी ‘लावतं’च. फक्त आता लावून दिलेली नोकरी कायमची नसते, फंड-घर तर सोडाच. तरी ती ओळख पोराला धरून ठेवते का? मला हा प्रश्न पीएचडीच्या लायकीचा वाटतो.

दुसरी कल्पना, ज्यांना आकड्यांची भीती वाटत नाही त्यांच्यासाठी. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागा आपल्या राज्यात ऑनलाइन सोडतीने भरल्या जातात. सगळ्या पालकांची तुलना करू नका, कारण फॉर्म भरणारे पालक मुळातच वेगळे असतात, त्यांनी कल्पना आधीच केलेली असते. पण एकाच भागात, एकाच शाळेसाठी अर्ज केलेल्यांमध्ये कोणाला लागली आणि कोणाला नाही, हे नशिबाने ठरलं. त्या पहिल्या तुकड्यांमधली मुलं आता दहावी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या आईवडिलांच्या डोळ्यासमोरचं चित्र आज वेगवेगळं आहे का? अर्ज केलेल्या शाळांचा क्रम, अंतर, अर्ज दुसऱ्यांदा भरला का, हे सगळं बघावं लागेल. सोपं नाही, पण होण्यासारखं आहे.

आणि रजिस्टर. शाळेचं जनरल रजिस्टर पाहायला मुख्याध्यापकांची लेखी परवानगी लागते, बरोबर गाईडचं पत्र आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी घेऊन जा. नावं, जन्मतारखा, जात यांचे फोटो मोबाइलवर काढू नका, कोणी काढू दिले तरी. लागतील तेवढेच रकाने कागदावर उतरवा आणि नावाच्या जागी क्रमांक टाका. एप्रिलमध्ये निकालाची आणि जूनमध्ये प्रवेशाची गडबड असते, तेव्हा कोणी उभं करणार नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दोन आठवडे बरे. जुनी रजिस्टरं बहुतेक ठिकाणी कपाटात सगळ्यात खाली असतात, आणि ती नेमकी कुठे आहेत हे मुख्याध्यापकांपेक्षा शिपाईमामांना जास्त माहीत असतं.